दोन्ही व्यक्ती एकच

म्हापशाला, रजिस्ट्रारच्या कचेरीसमोर,
झेरॉक्सच्या दुकानात खिडकीकडची खुर्ची माझी.
अकरा वर्षं मी एकच वाक्य टाइप करते आहे:
वर उल्लेखिलेल्या दोन्ही व्यक्ती एकच आहेत.

पोर्तुगिजांचा लेखनिक कानावर पडेल तसं लिहायचा.
‘श’साठी त्याच्याकडे फुली होती, एक्स.
शाबा नावाचा पोर फुलीनं जन्मायचा,
शाळेत गेला की एस-एच व्हायचा,
पुढे बँकेत कुणी घाईत एच गाळायचं.
आणि सत्तर वर्षांनी लिस्बनमधलं कुणीतरी,
ज्याला मी कधी पाहिलेलं नाही,
पत्र पाठवून विचारतं, हे तिघे कोण?

मग येतात माझ्याकडे.
एकाची आत्या एका काना-मात्रेत अडकून पडलेली,
एकाच्या आजोबांचं आडनाव
‘नाईक’चं ‘नाइके’ होऊन बसलेलं,
आणि दारात उभा नातू, ज्याची नोकरी
तिकडे पुढच्या सोमवारपर्यंतच थांबणार.
मी म्हणते, बसा. शंभर रुपये पान.

तोरशाहून शाबा च्यारी आले, मुलगा प्रज्योत बरोबर.
प्लास्टिकच्या फायलीला आतून घाम सुटलेला.
अर्ज परत आला होता, कारण दोन ओळींचं:
नाव जुळत नाही. साल जुळत नाही.
नोंदवहीत एकावन्न, शाळेच्या दाखल्यावर त्रेपन्न.
“मास्तरानं चुकून घातलं असणार, ताई.
एकाचा तीन केला. तुम्ही तसंच लिहा,
नोटरी चारला उठतो.”

मी लिहिलं. हात आपणच लिहितात हल्ली.
इंग्रजीत टाइप केलेलं मराठीत वाचून दाखवायची
माझी सवय, तिचे पैसे मिळत नाहीत:
मी, शाबा बाबली च्यारी, शपथेवर सांगतो की
एकावन्न साली जन्मलेला तो आणि मी...

म्हातारा पंख्याकडे बघत होता.
“चूक न्हय ती,” म्हणाला.
“एकावन्नातलो म्हजो भाव.”

सात महिन्यांचा होऊन तापानं गेला.
दोन वर्षांनी हे झाले, आईनं तेच नाव ठेवलं.
पुन्हा पेडण्यापर्यंत चालत कोण जाणार,
लेखनिकाला पुन्हा कोंबडा कोण देणार?
वहीत नाव होतं. घरात मूल होतं.
बाबलीला वाटलं, जमलं.

पंखा फिरत होता. मला हिशेब लागत नव्हता.
खरं लिहावं, तर हा समोर बसलेला,
खोकणारा, चष्म्याला दोरी बांधलेला माणूस
कुठल्याच वहीत जन्मलेला नाही.
खोटं लिहावं, तर ते मी आधीच लिहिलं होतं,
व्याकरणाची एकही चूक न करता.

प्रज्योत चिडला नाही.
फायलीचं बटण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.
“बाबा, हें आदीं सांगपाचें न्हय?”
“कोणें विचारलें?”
खरंच होतं. आजवर सगळ्यांनी
त्यांना फक्त सही कुठे करायची ते दाखवलं होतं.

मग त्यांनी वहीच्या त्या पानाची प्रत मागितली.
खायंचें नांव, म्हणाले. मी फुली दाखवली.
तिच्यावर त्यांनी बोट ठेवलं, तासलेलं, सुताराचं,
रंधा मारून झाल्यावर लाकूड बघतात तसं
एकदा इकडून तिकडे फिरवलं.
“इतलोसो आशिल्लो,” म्हणाले,
आपण पाहिलेला नसतानाही.

झेरॉक्सचे दोन रुपये झाले. त्यांनी मोजून दिले.
प्रज्योत म्हणाला, फोन करतो.

ते पान कॉम्प्युटरवर अजून आहे, सही नसलेलं.
‘एकच’ या शब्दापुढे कर्सर उघडमीट करतो आहे.
चार वाजले. समोर नवी फाइल आली आहे,
कुणाच्या तरी आईच्या नावात एक ए जास्त.
बसा, म्हणते मी,
आणि विचारते, आधी सांगा,
घरात या नावाचं आणखी कुणी होतं का?